मागितलं नव्हतं ते पुस्तक



सरांच्या स्मृतिव्याख्यानमालेचं हे पुष्प गुंफायला तुम्ही मला बोलावलंत. अडतीस वर्षं मी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरी केली. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर, देशाचे पासपोर्ट तिथे छापले जातात. छापून आलेली शीटं तपासायची आणि मोजायची, हे माझं काम. त्या आवारातून कागदाचा कपटाही बाहेर नेता येत नाही. पाळी सुटली की गेटवर झडती द्यायची आणि मग घर. आणि त्याच संध्याकाळी, हातपाय धुऊन, मी अशा ठिकाणी जायचो जिथे एक माणूस छापलेला कागद स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत घालायचा आणि म्हणायचा, "पंधरा दिवसांनी आणा." दिवसभर जो कागद बाहेर जाऊ नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसायचो, तोच संध्याकाळी कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकून माझ्याबरोबर पाठवतोय, याचं मला अडतीस वर्षांत कधी नवल वाटायचं थांबलं नाही.

तो माणूस म्हणजे आपले सर. वाचनालयात देवघेवीच्या काउंटरमागे त्यांना पाहिलेली बरीच मंडळी इथे आहेत. त्यांची एक सवय तुम्हाला आठवत असेल. आपण मागितलेलं पुस्तक ते द्यायचेच, पण त्याच्याखाली आणखी एक ठेवायचे आणि एवढंच म्हणायचे, "हेही न्या." का न्या, ते सांगायचे नाहीत. लेखकाची थोरवी नाही, गोष्टीचा गोषवारा नाही. ते दुसरं पुस्तक कधी आवडायचं, कधी तसंच परत जायचं. परत केल्यावर "वाचलंत का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. आज मला बोलायचंय ते त्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल. गेल्या वर्षभरात वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांपैकी तीन-चारच मी सांगणार आहे. सर आता नाहीत, पण यातली बहुतेक पुस्तकं माझ्याकडे आली ती त्यांच्याच रीतीने, मी मागितलेली नसताना.

आपल्या बोलण्यात एक छान प्रयोग आहे. दुकानात आपण पुस्तक घ्यायला जातो आणि वाचनालयात पुस्तक बदलायला जातो. "जरा पुस्तक बदलून आणतो," असं सांगून माझे वडील चपला घालायचे. विकत घेताना मी काय घेतो ते मी घरातल्या कपाटासमोर उभं राहून पाहिलं. ज्या लेखकांवर आधीच प्रेम आहे तेच लेखक, ज्या विषयाची आधीच आवड आहे तोच विषय. खिशातून पैसे द्यायचे म्हटल्यावर माणूस खात्रीचंच घेतो, त्यात काही चूक नाही. पण पुस्तक बदलायचं असतं तेव्हा जोखीम पंधरा दिवसांची असते. म्हणून अनोळखी पुस्तकाला हात घालण्याचं धाडस मला वाचनालयातच झालं.

पहिली हकीकत श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची. १९८७ साली आलेली ही कादंबरी दोन जाडजूड खंडांत आहे. जगबुडी नदीच्या काठचं तुंबाड, तिथलं खोतांचं घराणं, त्याच्या चार पिढ्या. मी ती पूर्वी वाचली होती, पण तीस वर्षांपूर्वीच्या वाचनातलं मनात काय उरतं? एक वाडा, थोडा अंधार आणि काही माणसांचे आवाज. या पावसाळ्यात पहिला खंड पुन्हा नेला आणि चार दिवसांत संपवला. दुसरा आणायला गेलो तर तो बाहेर गेलेला. आठवडाभराने गेलो, तरी नाही. तिसऱ्यांदा गेल्यावर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, ज्या मुलीने तो नेलाय ती रोज पहिल्या खंडाची चौकशी करतेय. तो तुमच्याकडे आहे ना?"

ती मुलगी आमच्याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसते. सिन्नर तालुक्यातल्या एका गावाहून आली आहे आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. दोन वर्षांत तिने वाचनालयाचं एकही पुस्तक नेलं नव्हतं, कारण तिची पुस्तकं तिच्याबरोबरच असतात, प्रश्नसंचांची. एका दुपारी वीज गेली, अभ्यासिकेत उकडायला लागलं म्हणून ती आतल्या कपाटांच्या बाजूला येऊन बसली, आणि हाताला लागलं ते उघडलं. तो निघाला दुसरा खंड. गोष्ट मधूनच सुरू झाली होती, कोण कुणाचा कोण काही कळत नव्हतं, तरी पन्नास पानं झाल्यावर तिला ठेववेना. मी तिला पहिला खंड दिला, तिने मला दुसरा. मग दोघं अभ्यासिकेच्या पायरीवर बसून तासभर बोललो. ती शेवटाकडून सुरुवातीला चालली होती आणि मी सुरुवातीकडून शेवटाला. घराणं बुडताना तिने आधी पाहिलं होतं, ते कसं उभं राहिलं ते तिला नंतर कळणार होतं. ती म्हणाली, "काका, मला त्यांची कीव आधी आली. आता मागचं वाचल्यावर राग येणार का हो?" चाळीसेक वर्षं कादंबऱ्या वाचतोय, पण असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पंधरा दिवसांनी तिने उत्तर आणून दिलं. राग आला, पण कीव काही गेली नाही.

दोन खंड एकाच घरातल्या कपाटात शेजारी-शेजारी उभे असते, तर हा प्रश्न जन्मालाच आला नसता.

मधल्या काळात आणखीही पुस्तकं झाली. माडगूळकरांची 'बनगरवाडी' एका रात्रीत पुन्हा वाचली आणि सकाळी डोळे चुरचुरत असतानाही मन ताजं होतं. एक भला मोठा अनुवाद अर्ध्यावर सोडला. त्यातलं मराठी इतकं आखडलेलं होतं की मूळ गोष्ट आत कुठेतरी गुदमरत असल्यासारखी वाटत राहिली. त्याबद्दल याहून अधिक बोलत नाही.

'स्मृतिचित्रे' मात्र सावकाश सांगायला हवं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मकथन चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालं. शाळेत त्यातला एखादा धडा आपण सगळ्यांनी वाचलेला असतो, मजेदार असतो, आणि पुस्तक वाचून झालं अशी आपली समजूत होते. माझीही तीच समजूत होती. या खेपेला ते मी घेतलं तेही चुकून. मला त्याच्या शेजारचं हवं होतं. हाताला आलं तेव्हा आतल्या तारखेच्या चिठ्ठीकडे नजर गेली. तपासनिसाची जुनी सवय आहे, छापलेलं काहीही हातात आलं की आधी कडा बघायच्या. चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. अकरा वर्षं हे पुस्तक कपाटात उभं होतं आणि मी महिन्यातून दोनदा त्याच्यासमोरून जात होतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, जलालपूरचा. नाशिककरांना जलालपूर कुठे ते सांगायला नको. गंगापूर रोडने वर गेलं की गोदावरीच्या काठचं गाव. आज त्या बाजूला द्राक्षांच्या बागांपेक्षा इमारतींचे फलक जास्त दिसतात. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावात फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने झपाटलं. बाजारातून आलेली वस्तू धुवायची, माणसाची सावली टाळायची, घरातल्या बायकामुलांनी त्या धाकात दिवस काढायचे. हे सगळं लक्ष्मीबाई हसत-हसवत लिहितात. लहानपणी मला त्यातलं हसू तेवढं कळलं होतं. आता सत्तरीच्या उंबरठ्यावर वाचताना दिसलं की फाशीचा दोर एका माणसाच्या गळ्यात पडला आणि त्याचा फास एका घराला पुढची कित्येक वर्षं बसत राहिला. इतिहासाच्या पुस्तकात सत्तावन्न सालचं बंड शमलं की प्रकरण संपतं. जलालपूरच्या त्या घरात ते रोज सकाळी पाण्याच्या घागरीजवळ सुरू होत होतं.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परत गेल्या, पण स्वतःचं सोवळं सांभाळून, स्वतःची चूल वेगळी ठेवून. आणि नंतर, बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच, एके दिवशी एकट्या बसून त्यांनी स्वतःशी विचार केला की हे उच्चनीच देवाने केलं की माणसाने. विचार पुरा झाला आणि त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. तो विचार करायला त्यांना कुणी ग्रंथ दिला नव्हता. ज्या मुलीचं बालपण सोवळ्याच्या घागरीशेजारी गेलं, तिनेच ती घागर स्वतःच्या हाताने उपडी केली. मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ तसाच बसलो. का, ते पुढे सांगतो.

आता ते पुस्तक, ज्याच्यासाठी खरं तर मी आज उभा आहे.

आमच्या वाचनालयाला एका कुटुंबाने दोन खोकी पुस्तकं देणगी दिली. बहुतेक इंग्रजी. दाखल नोंदवहीत चढवायला मदत म्हणून मी बसलो होतो. त्यात एक कादंबरी होती, पेटिना गप्पा या झिंबाब्वेच्या लेखिकेची, 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट', २०१९ ची. मुखपृष्ठाच्या मागे लिहिलं होतं की डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवाशाचा मृतदेह त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी समुद्रापर्यंत कसा वाहून नेला, त्याची ही गोष्ट. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, शब्दकोश जवळ लागतो. तरी नेलं. सरांचा आवाज कानात होता, दुसरं काय!

पुस्तकात दोघं बोलतात. आधी हलीमा, तांड्यातली स्वयंपाकीण, तिखट जिभेची आणि मोकळ्या मनाची. मग येतो जेकब वेनराइट, देवभोळा, शिकलेला, आपल्या शिक्षणाचा अभिमान बाळगणारा तरुण. तो पुन्हापुन्हा आपल्या शाळेचं नाव घेतो. 'नासिक'. मी आधी समजलो, आफ्रिकेतलं एखादं गाव असेल. चार पानांनी खुलासा झाला आणि मी चष्मा काढून पुसला. ते नाशिक म्हणजे आपलं नाशिक. शाळा शरणपूरची.

कादंबरी बाजूला ठेवून मी आधी खरं-खोटं पाहायला निघालो. एका जुन्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसून कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेलं १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं, आणखी दोन-तीन पुस्तकं काढली. जेकब हा माणूस खरा होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून विकायला नेली जाणारी माणसं ब्रिटिश आरमार समुद्रात गलबतं अडवून सोडवत असे. त्यातली काही मुलं मुंबईला उतरवली जात आणि तिथून नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात येत. विल्यम प्राइस नावाचे मिशनरी तिथे होते. मुलांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि सुतारकी, लोहारकीसारखी हातकामं शिकवली जात. नावं नवी दिली जात. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार. आईबापांनी ठेवलेली नावं समुद्रातच राहिली. आफ्रिकेत ही मुलं 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली जाऊ लागली. ज्या गावात आज साऱ्या देशाचे पासपोर्ट छापले जातात, ज्यांच्यावर नाव, बापाचं नाव, जन्मगाव हे सगळं असतं, त्याच गावात ही मुलं वाढली. त्यांच्यापाशी यातलं काहीच नव्हतं.

लिव्हिंगस्टन १ मे १८७३ रोजी वारला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी. त्याच्या माणसांनी ठरवलं की देह त्याच्या मायदेशी पोचवायचा. काळीज त्यांनी तिथेच एका झाडाखाली पुरलं. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. हजाराहून अधिक मैल, नऊ महिने. वाटेत रोगराई, भूक, अडवणारी गावं. काळीज पुरतानाची प्रार्थना जेकबने म्हटली होती. आणि त्या झाडाच्या बुंध्यावर मेलेल्या माणसाचं नाव आणि मृत्यूचा दिवस कोरण्याचं कामही त्याच्याकडेच आलं, कारण त्याला अक्षर येत होतं. बुंध्याचा तो कोरलेला भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेला गेला. जेकब स्वतः देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत शवपेटी धरणाऱ्यांमध्ये उभा राहिला. पुढे तो आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये वारला.

मी छापखान्यातला माणूस. अक्षर कुठून येतं, कोणत्या हातांतून जातं, यातच माझं आयुष्य गेलं. आफ्रिकेच्या जंगलातल्या त्या झाडावरची अक्षरं कोरणाऱ्या हाताला वळण लागलं ते शरणपूरला, हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. डिसेंबरातली संध्याकाळ होती. बस पकडून गावात गेलो. आम्ही नाशिकरोडची माणसं नाशिकला जाण्याला गावात जाणं म्हणतो. शरणपूर रोडला उतरलो. तिबेटी लोकांच्या बाजारात स्वेटर घ्यायला गर्दी होती. कॅनडा कॉर्नरपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. हा रस्ता मी हजारदा तुडवला आहे. बायकोचं दवाखान्याचं काम, मुलाचं कॉलेज, कुणाचं लग्न. शरणपूर हे नाव तोंडात इतकं बसलेलं की त्यात 'शरण' आहे, आसरा आहे, हे कधी कानाला जाणवलंच नाही. आणि त्या गर्दीत समोर स्वेटरं विकायला बसलेली माणसंही आसऱ्यालाच आलेल्यांची मुलं-नातवंडं होती.

मित्रहो, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. मुंबई विद्यापीठ निघायला अजून सतरा वर्षं होती, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला तेरा. रत्नागिरी, अहमदनगर आणि आपण, या महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या वाचनालयांत आपलं नाव आहे आणि ते आपण अभिमानाने सांगतो. मीही सांगतो. पण या वर्षी त्या सालाशेजारी मला दुसरी सालं दिसायला लागली. जेकब शरणपूरला होता तेव्हा गावात वाचनालय होतं. जलालपूरला लक्ष्मीबाई जन्मल्या तेव्हा त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या काळच्या त्या दारात ही दोघं आपण कल्पनेत तरी उभी करू शकतो का? गुलामगिरीतून सुटलेला काळा मुलगा आणि सोवळ्यातल्या घरची मुलगी. आज मात्र त्या दोघांना भेटायचं तर वाचनालयाचीच पायरी चढावी लागते. दाराबाहेर राहिलेली माणसं पुस्तकं होऊन आत आली आहेत. फक्त आपण त्यांच्या कपाटासमोर थांबत नाही.

आणि आता ते, जे मी मघाशी 'स्मृतिचित्रे'पाशी अर्धवट ठेवलं. बाबुराव बागुलांचा जन्म १९३० चा, विहितगावचा. विहितगाव म्हणजे माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यावर. देवळाली कॅम्पला बहिणीकडे जाताना तिथूनच जायचो. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. नाव माहीत होतं, वाचलेला नव्हता, कुणी विचारलं तर वाचल्यासारखी मान हलवायचो. 'स्मृतिचित्रे' परत करायला गेलो, तेव्हा त्याच मुलीने, सिन्नरच्या, मला तो काढून दिला. म्हणाली, "काका, हेही न्या." तिने सरांना पाहिलेलं नाही. शब्द मात्र तेच.

पुठ्ठा दोनदा बांधलेला, पानांचे कोपरे गोल झालेले, चिठ्ठीवर शिक्क्यांची गर्दी. 'स्मृतिचित्रे' अकरा वर्षं उभं होतं आणि हे पुस्तक कधी कपाटात टिकलंच नव्हतं. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो. परक्या गावात राहायला जागा हवी म्हणून जात सांगत नाही. तिथे मान मिळतो, जेवण मिळतं, आणि आतल्या आत तो जळत राहतो. शेवटी कळतं आणि मार पडतो. त्याला सोडवायला येतो काशिनाथ, ज्याने आपली जात कुणापासून लपवलेली नसते. बागुल स्वतः सुरतेला रेल्वेत होते आणि जागेसाठी जात लपवण्याची पाळी त्यांच्यावर आलेली होती.

१९८४ मध्ये आम्ही जेलरोडच्या घरावर एक खोली चढवली आणि भाड्याने द्यायची ठरवली. एक तरुण आला. नुकतीच नोकरी लागलेली, बरोबर बायको. खोली आवडली, भाडं ठरलं. मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि पुढे सांगितलं की खोली पाहुण्यांसाठी ठेवायची आहे. मी तिथेच होतो. मला सगळं कळत होतं. तो तरुण माझ्याकडे बघून "बरं" म्हणाला आणि जिना उतरून गेला. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा, कमावता, युनियनच्या सभांना जाणारा, पुस्तकं वाचणारा माणूस होतो. मी एक शब्द बोललो नाही. चाळीस वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, घरातही नाही. लक्ष्मीबाईंच्या त्या निश्चयापाशी मी थांबून गेलो तो याच आठवणीने, आणि बागुलांच्या कथेने ती खेचून उजेडात आणली. जो तरुण त्या कथेत मार खातो, तो मला परका वाटेना. तो आमच्या जिन्यावरून उतरून गेलेला होता.

मी स्वतः होऊन हे पुस्तक कधीच विकत घेतलं नसतं. आपल्या कपाटात आपल्याविरुद्ध साक्ष देणारं पुस्तक कोण पैसे मोजून आणतं? ते वाचनालयातूनच यावं लागतं, दुसऱ्याच्या हाताने यावं लागतं.

म्हणून वाचनालयांबद्दल दोन शब्द, कळकळीचे. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे. त्या अनुदानात लहान वाचनालयातल्या माणसाचा पगार किती बसतो, ते काउंटरमागे उभ्या असलेल्या कुणालाही हळूच विचारा. अभ्यासिकांना रांगा आहेत आणि त्या असाव्यात, त्या मुलांना बसायला दुसरी जागा नाही. पण अभ्यासिकेसाठी जागा हवी म्हणून कपाटं हलवायची वेळ आली की पहिली सूचना ठरलेली येते, 'मागणी नसलेली पुस्तकं काढून टाका.' जीर्ण, फाटलेली, कसर लागलेली जरूर काढा. पण अकरा वर्षं कुणी नेलं नाही हा पुस्तकाचा गुन्हा धरू नका. कोण कधी थांबेल त्याच्यासमोर, सांगता येत नाही. आणि जिथे बारकोड आले आहेत, तिथेही आतली तारखेची चिठ्ठी राहू द्या, एवढी माझी विनंती आहे. आपल्या आधी कुणीतरी हे वाचलं, कधी वाचलं, हे त्या चिठ्ठीवर कळतं आणि एकट्याने वाचणाऱ्याला सोबत होते.

चालत येऊ न शकणाऱ्याकडे पुस्तक नेण्याची रीतही आपल्याकडे आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शंभरएक वर्षांपूर्वी फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी पाठवल्या होत्या. आपल्या नाशिकहून कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना २००९ मध्ये निघाली आणि तिच्या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोचल्या. पेटीची गंमत अशी की तिच्यातली पुस्तकं कुणीतरी दुसऱ्याने निवडलेली असतात. पेटी उघडणाऱ्याच्या हातात तीच येतात, त्याने न मागितलेली.

जेकबचं पुस्तक माझ्याकडे एकदा मुदत वाढवून झालं आहे. उद्या ते परत करायची तारीख. सिन्नरच्या मुलीने नाव नोंदवून ठेवलंय, पण तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, ती म्हणाली आधी दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. मी सकाळी साडेदहाला काउंटरवर असेन. शब्दकोशही आणतो. ज्याला हवं असेल त्याने यावं. आणि ज्याला दुसरं काही हवं असेल त्यानेही यावं, त्याच्या पुस्तकाखाली मी हे ठेवीन.